सरळ रेघेत टोरांटो

कामठीला निघालोय म्हटलं, तरी वानखेडेकाका विचारायचे, "हवेतून किती?"

जमिनीवरच्या अंतराला ते अंतरच मानत नसत. "रस्ता वाकडा जाते गा. खरं अंतर हवेतलं." सगळी नोकरी मोजणी खात्यात गेलेली, तेव्हा हे चालायचंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी सीताबर्डीवरून पृथ्वीचा गोल आणला आणि त्यावर शिवणाचा दोरा ताणून जगभर विमानं उडवायला सुरुवात केली. माझं लग्न ठरलं, तेव्हा मुलीच्या गावाचं नाव ऐकून त्यांनी अभिनंदनाच्या आधी विमानाची पंचेचाळीस मिनिटं सांगितली. त्या गावाला एसटीसुद्धा धड जात नव्हती.

मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. खाली ते एकटेच. काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या आणि एकुलता एक श्रीकांत टोरांटोला. पण दर शनिवारी त्यांच्याकडे बर्फाची लादी यायची. एकटा माणूस एवढ्या बर्फाचं करतो काय? सरबत करत असतील आणि मला बोलवत नसतील, असं धरून मी मनातल्या मनात रुसून बसलो होतो.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला, तेव्हा मी लाज सोडून पेला घेऊनच खाली उतरलो.

मधल्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या. खाटेवर पांढरी चादर, तिच्यावर कोणी नाही. खाटेखाली परातीत बर्फ. उशाशी गोल, त्यावर टोरांटोपासून नागपूरपर्यंत दोरा आणि दोऱ्यात मंगळसूत्राचा एक काळा मणी. तो बोटाने पुढे सरकवत काका रिकाम्या खाटेला सांगत होते, "हिमालय ओलांडला वं त्यानं. पडून राहा."

खोलीत कोणी निजलंय, मोठ्याने बोलू नये, असं मला का कोण जाणे वाटलं. मी पेला पाठीमागे लपवला.

काकांनी मला बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. अशाच मे महिन्यात काकू गेल्या. श्रीकांतची निघाल्याची तार आली. पोचायची वेळ त्याने शहाणपणाने हिंदुस्थानची लिहिली होती. काकांनी टोरांटोची समजून तिच्यात साडेनऊ तास मिळवले. पोरगा पहाटेशिवाय येत नाही, असं सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं. खाटेखालचा बर्फ तेवढा वेळ टिकणार नव्हता. शनिवारी दुपारी दोन वाजता काकूंना घाटावर नेलं. साडेपाचला श्रीकांत दारात उभा. त्यानंतर तो पुन्हा आला नाही.

"जल्मभर लोकायच्या जमिनी मोजल्या गा," काका म्हणाले, "अन् पोराचा रस्ता चुकलो. आता बरोबर मोजतो. दर शनिवारी थांबवतो तिले."

साडेतीन वाजले होते. परातीत पाणीच जास्त, मुठीएवढा बर्फ उरलेला. काकांनी मण्याकडे पाहिलं, मग परातीकडे.

"साडेपाचपर्यंत पुरते न गा?"

मी पेला तिथेच ठेवला आणि सायकल काढून बर्फ आणायला गेलो.