दीड फुटाचं बेट

"भरतीला बगळेसुद्धा जिथं टेकत नाहीत, त्या बेटासाठी दोन शेजारी देश भांडताहेत. अक्कल विकून खाल्ली लोकांनी," असं म्हणत भिकनरावांनी पेपर मिटला आणि दोन टेबलांमधल्या स्टुलावर ठेवला.

"स्टूल माझ्या हद्दीत आहे," पलीकडच्या टेबलावरून कोंडाजी म्हणाले.

शहाण्णव साल होतं. नाशिकच्या त्या सरकारी कचेरीतला एकुलता एक फोन याच स्टुलावर असे. रविवारी भिकनरावांच्या संजनाला पाहून गेलेल्या मुलाचे वडील इंदिरानगरहून होकार-नकार याच फोनवर कळवणार होते. कोंडाजींचे कान मोठे तिखट. म्हणून स्टूल आपल्याच बाजूला हवं, असं भिकनरावांनी ठरवलं आणि फरशीवर खडूने रेघ ओढली.

कोंडाजींनी ती बुटाने पुसून हातभर भिकनरावांच्या बाजूला ओढली. "हे स्टूल मी हरसूलच्या कचेरीतून आणलंय. टेम्पोत, मांडीवर धरून."

"मग बदली झाली की मांडीवरच घेऊन जा."

आवाज साहेबांपर्यंत गेला. साहेबांनी टेप मागवली, वाकून अंतर मोजलं आणि विचारलं, "पहिली रेघ कुणी ओढली?"

भिकनराव छताकडे बघत राहिले.

"ठीक. निकाल लागेपर्यंत फोन कोंडाजी उचलतील."

आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतल्याचं भिकनरावांना तेव्हा कळलं, आणि तासाभरात फोन वाजला.

"भिकनराव ना? नाहीत जागेवर," कोंडाजी समोर बसलेल्या भिकनरावांकडे बघत म्हणाले. "होकाराआधी चौकशी करायची होती? करा की. मी शेजारीच बसतो."

पोरीचं लग्न आता या माणसाच्या जिभेवर होतं.

"स्वभाव होय? भांडखोर आहेत का म्हणता..." कोंडाजी फरशीवरच्या रेघेकडे बघत थांबले.

भिकनराव खुर्चीवरून उठून फरशीवर बसले. धुतलेल्या रुमालाने त्यांनी रेघ पुसली आणि फोनसकट स्टूल कोंडाजींच्या टेबलाला भिडवलं.

"छे हो. गरीब गाय आहे," कोंडाजी म्हणाले. मग फोनवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "पंख्याचं काय?"

भिकनरावांनी आपला टेबलफॅन उचलून त्यांच्या टेबलावर ठेवला, वायर लावली आणि बटण दाबलं.

"आणि दिलदार म्हणाल," कोंडाजी वारा घेत म्हणाले, "तर मागण्याआधी देणारा माणूस."