ठिगळाखालचे उपाध्यक्ष

अलेफाबाईंनी पक्षाच्या कापडाचा गठ्ठा धप्पकन आणून टाकला, तो नेमका साखरपुड्याच्या हिरव्या कापडावर. डोरिका मटेम्बाच्या कपाळाची शीर तेव्हाच तडतडली. अलेफाबाई नुसत्या लिंबे गावातल्या पक्षाच्या महिला आघाडीच्या अध्यक्षा असत्या, तर डोरिकाने त्यांना गठ्ठ्यासकट शिवणाच्या दुकानाच्या ओट्यावरून खाली पाठवलं असतं. पण त्या होणाऱ्या विहीणबाई होत्या. डोरिकाची एकुलती एक मुलगी तिवोंगे त्यांच्या धाकट्या मुलाला द्यायची ठरली होती. तीन आठवड्यांनी शनिवारी दोन्ही घरांमध्ये कोंबडा आणि कोंबडी एकमेकांना द्यायची, नाचायचं, जेवायचं आणि सोयरीक पक्की करायची. मुलीकडच्या झाडून साऱ्या बायकांनी त्या दिवशी एकाच कापडाचे झगे घालायचे असतात. तसे नसले तर मुलाकडचे लोक नातवंडं होईपर्यंत ते सांगत बसतात.

"चाळीस झगे," अलेफाबाई म्हणाल्या. "येत्या शनिवारच्या सभेत आमच्या बायका नाचणार आहेत. डॉक्टर स्वतः येतायत."

"आणि माझे हिरवे?"

"त्यांना वेळ आहे हो. आधी देश."

"देशाचा साखरपुडा नाहीये," डोरिका तोंडातल्या टाचण्यांमधून पुटपुटली. विहीणबाईंनी ऐकलं, पण ऐकलं नसल्यासारखं केलं. तसं त्यांना छान जमायचं.

कापडावर डॉक्टर काप्वितींचा मोठा लंबगोल चेहरा होता. त्यांना राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं. त्यांच्याखाली हातभर अंतरावर उपाध्यक्षपदाच्या जोडीदाराचा छोटा लंबगोल होता. हे जोडीदार म्हणजे उत्तरेकडचे लुहांगासाहेब. रेडिओवरच्या दर सोमवारच्या जनमत-कौलात उत्तरेकडची मतं घसरल्यामुळे त्यांना घाईघाईने आणलं होतं, आणि त्याहून घाईने कापडावर छापलं होतं.

डोरिकाने कापड पाठीवर धरून पाहिलं आणि तिला पहिला घाम फुटला. डॉक्टरांना पाठीवर मधोमध घेतलं, की लुहांगासाहेब बरोबर बसायच्या जागी येत होते. त्यांना वर सरकवावं, तर डॉक्टरांची मान शिवणीत कापली जात होती.

"कुणाला तरी खाली बसावंच लागणार," ती म्हणाली.

"डॉक्टरांना नको," अलेफाबाई म्हणाल्या.

झगे झाले. सभाही झाली. बायका नाचल्या, आणि लिंबेच्या बायका नाचतात तेव्हा जे हलायचं ते सगळं हलतं. व्यासपीठावर बसलेल्या लुहांगासाहेबांनी आपला चेहरा चाळीस ठिकाणी एकदम गदागदा हलताना पाहिला. मग भाषण लांबलं, बायका दमल्या आणि लाल मातीत फतकल मारून बसल्या. उठल्या तेव्हा चाळीसही लुहांगासाहेबांच्या तोंडाला माती लागलेली होती. दुसऱ्या दिवशी तेच छायाचित्र वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकलं.

सोमवारच्या कौलात उत्तर आणखी घसरली.

"तुमच्या शिवणकामाने उत्तर गेली आपली!" अलेफाबाई ओट्याखालूनच ओरडल्या.

डोरिका उठून उभी राहिली. "माझ्या शिवणकामाने? माझी एक टीप उसवलेली दाखवा! तुम्हीच म्हणालात ना, डॉक्टरांना नको म्हणून? मग त्या माणसाला काय काखेत घालणार होते मी?"

"आवाज खाली करा. जोडीदार बदललाय. आता श्रीमती मालुंगा. बायकांची मतं हवीयत."

"मग नवं कापड कुठंय?"

नवं कापड नव्हतं. मुख्य कार्यालयाने पोतंभर ठिगळं पाठवली होती, प्रत्येकावर मालुंगाबाईंचा हसरा चेहरा. ती लुहांगासाहेबांवर शिवायची होती. बाईसाहेबांच्या चेहऱ्यावर सुरकुती पडता कामा नये, म्हणून कुणा शहाण्याने त्या ठिगळांना मागून ताठ पुठ्ठ्यासारखं अस्तर लावलं होतं. डोरिकाच्या दोन सुया मोडल्या. तिसरी मोडली तेव्हा तिने असा शब्द उच्चारला, की रस्त्यापलीकडचा मांडाझी तळणारा माणूस झारा हातात धरून बघत राहिला.

"आई, हळू," तिवोंगे म्हणाली. ती शेजारी बसून धागे कापत होती. "सासूबाईंच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ दे! बारा दिवसांवर साखरपुडा आलाय तुझा, आणि मी परक्या बाईला लोकांच्या बुडाशी शिवतेय!"

तिचा राग रास्त होता. हिरवं कापड अजून घडीतच पडलं होतं. तिवोंगेच्या मावश्या, आत्या, चुलत्या मापं द्यायला येत, ओट्यावर थोडा वेळ टेकत आणि मालुंगाबाईंकडे बघून परत जात. मोठ्या मावशीने तर सरळच विचारलं, "डोरिका, आम्ही यायचं की नाही? की मालुंगाबाईच येणार आहेत आमच्या जागी?"

त्याच आठवड्यात कौलवाले लिंबेच्या बाजारात आले. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली पोरं होती ती. महिला मतदार हव्या होत्या त्यांना, आणि नाचून आलेल्या आघाडीच्या बायका भाजीच्या पाट्यांमागे बसलेल्याच होत्या.

"श्रीमती मालुंगांबद्दल आपलं मत काय?"

"टोचतात," एक म्हणाली.

"सोसत नाहीत," दुसरी म्हणाली. "उठवत नाही आणि बसवतही नाही."

तिसरीने तर उभं राहून जागा चोळून दाखवली. पोरांनी ते सगळं 'तीव्र नापसंती' म्हणून लिहून घेतलं. सोमवारी रेडिओने सांगितलं, की श्रीमती मालुंगा महिलांमध्येच सर्वांत नावडत्या ठरल्या आहेत, आणि या धक्क्याने जाणकारही चकित झाले आहेत.

मग मुख्य कार्यालय पिसाळलं. रेडिओने आता आठवड्याऐवजी रोज संध्याकाळी फोनवर कौल घ्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे सकाळी ठरलेला जोडीदार रात्रीच्या जेवणापर्यंत टिकेल याची खात्री नव्हती. शुक्रवारी ब्लँटायरला निवडणूक आयोगाकडे अर्ज भरायचा होता. एकदा अर्ज गेला की जोडीदार बदलता येणार नव्हता. डोरिका त्या शुक्रवाराकडे डोळे लावून बसली होती. एकदाचा कुणीही ठरू दे, म्हणजे आपले हिरवे झगे बेतता येतील. बुधवारी तिने धीर करून हिरवं कापड टेबलावर पसरलं. गुरुवारी दुपारी खडूने रेघा मारायला घेतल्या आणि ओट्यावर सावली पडली.

अलेफाबाईंच्या हातात नवं पोतं होतं, आणि मागे हमालाच्या डोक्यावर तेच चाळीस झगे.

"नाही," डोरिका म्हणाली.

"अहो, ऐकून तर घ्या. तरुणांची मतं... आता आपला माजी गोलकीपर. मस्त चेहरा आहे. मालुंगाबाईंवर चढवून टाका. झगे उद्या सकाळी सातला हवेत."

"नाही म्हटलं ना!" डोरिकाने कात्री टेबलावर इतक्या जोरात आदळली, की बॉबिनं घरंगळत गटारात गेली. "परवा माझ्या मुलीचा साखरपुडा आहे! एक झगा बेतलेला नाही! तुमच्या पक्षाला चांगलं शिकलं-सवरलेलं टोळकं बसवून एक जोडीदार ठरवता येत नाही, आणि त्याचं उसनं मी फेडायचं? कुणी तुमचं तोंड बघून मत देत नाही, म्हणून रोज नवं तोंड शिवायचं? लाज नाही वाटत?"

अलेफाबाईंचं नाक फुगलं. त्यांनी पोतं शांतपणे ओट्यावर ठेवलं.

"मटेम्बाबाई, ज्या घरात साधं ठिगळ मारता येत नसेल, त्या घरची मुलगी करायची की नाही, याचाही विचार करावा लागेल मग."

एवढं बोलून त्या गेल्या. तिवोंगे रडली नाही, पण कापलेले धागे हातात घट्ट धरून बसली. ते बघितलं आणि डोरिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग विहीणबाईंचा होता, कौलाचा होता, रेडिओचा होता, डॉक्टरांच्या त्या प्रसन्न हसण्याचा होता. तीन आठवडे तोंडात टाचण्या धरून गप्प बसल्याचाही होता.

तिने गोलकीपरचं पोतं उचललं आणि उघडायचीही तसदी न घेता टेबलाखाली लाथेने सरकवलं. मग पुढ्यात पसरलेल्या हिरव्या कापडात कात्री घातली. खर्र, खर्र. एकामागून एक लंबगोल.

"आई! ते आपलं कापड आहे!"

"आपलंच आहे. ह्याला कुणी कौलात पाडत नाही."

चाळीस मालुंगाबाईंवर चाळीस हिरवी ठिगळं बसली. तोंड नाही, हसू नाही, काही नाही. बसा म्हणावं आता कुणावर बसायचंय त्यावर. शेवटची टीप मारून झाली, डोरिकाने दोरा दाताने तोडला आणि मग टेबलाकडे पाहिलं. रागात कातरताना कडा कोण बघतं? तिने ऐन मधोमध कातरलं होतं. उरलेल्या कापडात एक झगाही निघाला नसता. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच खाली बसली, आणि तिवोंगेने तिच्यापुढे मक्याच्या न्सिमाची ताटली ठेवली तरी तिने हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी बायका आल्या, घड्या घातलेले झगे घेऊन गेल्या आणि ब्लँटायरला आयोगाच्या दारात नाचल्या. डॉक्टरांनी अर्ज भरला. गोलकीपर शेजारी हात हलवत उभा होता. मग बायका पाठमोऱ्या झाल्या. डोरिकाने रेडिओ बंद करून ठेवला होता. काय झालं ते तिला ऐकायचं नव्हतं.

शनिवार उजाडला. कोंबडी पाटीखाली झाकून ठेवली होती. मावश्या आणि आत्या आल्या, एक निळ्यात, एक पिवळ्यात, एक चर्चच्या पांढऱ्यात, आणि डोरिकाकडे न बघता एकमेकींशी कुजबुजू लागल्या. मुलाकडचे यायला अजून अवकाश होता. आलेच तर. तेवढ्यात रस्त्यावर मिनीबस करकचून थांबली. तीतून अलेफाबाई उतरल्या, मागोमाग महिला आघाडी उतरली, सगळ्यांच्या काखेत पक्षाचे झगे.

सोयरीक मोडायला बाईने फौज आणलीय, असं वाटून डोरिका कंबर कसून पुढे झाली. "बोला. सगळ्यांदेखत बोला. माझ्या मुलीत खोट नाही. खोट असली तर माझ्या जिभेत आहे, आणि ती अशीच राहणार!"

"अहो, रेडिओ ऐकला नाही का तुम्ही?" अलेफाबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

"नाही ऐकला!"

"काल संध्याकाळचा कौल. आठ टक्क्यांनी वर गेलोय आपण! त्या हिरव्या ठिगळामुळे. उत्तरेकडचे म्हणतात आमचाच माणूस आहे खाली, बायका म्हणतात बाईच आहे. गोलकीपरला कुणी ओळखत नाही, पण ठिगळ सगळ्यांना पसंत आहे." त्या घुटमळल्या. "फक्त... फोनवर लोकांनी असंही सांगितलं, की खालचा जोडीदार वरच्यापेक्षा बरा वाटतो. उद्या मोठी सभा आहे. मुख्य कार्यालयाचं म्हणणं आहे, डॉक्टरांवरही तसंच ठिगळ मारावं."

"आणि डॉक्टर?"

"चिडले होते. आकडे बघितल्यावर गप्प झाले."

मावश्या हसायला लागल्या. डोरिकाला मात्र हसू आलं नाही. तिने एकदा त्या चाळीस झग्यांकडे पाहिलं, एकदा निळ्या-पिवळ्या-पांढऱ्या नातेवाईक बायकांकडे, आणि एकदा टेबलावरच्या उरलेल्या हिरव्या तुकड्यांकडे. तुकड्यांतून झगा निघत नव्हता. मोठे लंबगोल मात्र निघाले असते.

"मारते," ती म्हणाली. "पण हे झगे आज माझ्या घरच्या बायका घालतील. दोन्ही तोंडांवर हिरवं ठिगळ, सगळं एकसारखं. उद्या सभेला घेऊन जा."

"अहो, पण पक्षाचे झगे साखरपुड्याला..."

"मग डॉक्टर राहू देत उघडे."

अलेफाबाईंनी मिनीबसकडे बघितलं, मग तिवोंगेकडे. "सोयरीक मोडायचं मी कधी म्हटलंच नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हटलं होतं. त्या मशीनवर बसा."

"मी?"

"चाळीस आहेत. तासाभरात तुमच्याच घरचे कोंबडा घेऊन येतील. एकटी कशी मारू मी?"

महिला आघाडीच्या अध्यक्षा शेजारच्या पायमशीनवर बसल्या. त्यांची टीप वाकडी जात होती. डोरिकाने पहिला झगा त्यांच्या हातातून ओढला, उसवला आणि परत त्यांच्या मांडीवर टाकला. मग दुसरा उसवला. तिसऱ्याला अलेफाबाई घामाघूम झाल्या आणि झगा वर धरून त्यांनी भीत भीत विचारलं, "हा जमलाय का हो, विहीणबाई?"

डोरिकाने डोळे बारीक करून पाहिलं.

"डॉक्टरांचा कान बाहेर राहिलाय," ती करवादली. "झाका तो आधी."