अनुभवी फलंदाज पाहिजेत

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळाचा क्रिकेट संघ यंदा गुजराती मंडळाकडून सपशेल हरला. कारणमीमांसेसाठी मानसरोवर कॉलनीत बैठक भरली. विमा कंपनीतून निवृत्त झालेले अध्यक्ष मनोहर दिघे म्हणाले, "संघाला अनुभव कमी पडला." हरलेले बहुतेक खेळाडू पन्नाशीपुढचे होते, पण हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याने चर्चेला आला नाही. पुढच्या मोसमासाठी निवृत्त, म्हणजे कोणत्याही कार्यालयाच्या संघाशी बांधील नसलेले फलंदाज शोधायचे ठरले.

पहिले आले बँकेतले दशरथ पेंडसे. "चौकार मारीन. धावणार मात्र नाही. गुडघे." समितीने तत्काळ रनर मंजूर केला. रनरही अनुभवीच हवा म्हणून त्यांच्याहून वयाने मोठा नेमला. त्याला दमा होता.

मग जगतपुऱ्याहून बापू खोब्रागडे आले. रेल्वेतले जुने गार्ड. एके काळी त्यांचे षटकार पाहायला लोक ड्यूटी बदलून घेत. आता ते नात तनयाचा हात धरून आले होते.

"मले आता बॉलच दिसत नाही ना, साहेब," बापू म्हणाले.

"नजर गेली असेल बापू, अनुभव कुठे जातोय?" दिघ्यांनी त्यांना सलामीला घातलेही.

"माझ्यापेक्षा हिले पाहा. मीच शिकवली."

तनयाने बॅट घेतली. पहिलाच चेंडू शेजारच्या लग्नाच्या मांडवावर जाऊन पडला. समिती गंभीर झाली.

"अनुभव किती?" दिघ्यांनी विचारलं.

"मतलब, खेळल्याशिवाय अनुभव कसा येणार, काका?"

"अगदी बरोबर. म्हणूनच अनुभव आल्याशिवाय खेळवता येत नाही. गणेशोत्सवात रांगोळी स्पर्धा आहे, तिथे नाव दे."

बापू उठले. "मग माहं नाव खोडा." नातीचा हात धरून ते निघून गेले. समितीने त्यांच्या निर्णयाबद्दल खेद आणि तनयाच्या उद्धटपणाबद्दल चिंता नोंदवली.

पुढच्या मोसमात पुन्हा गुजराती मंडळाशीच गाठ पडली. त्यांच्या सलामीला तनया उतरली. त्यांच्याच तंबूत बापू बसले होते, बॅटचा आवाज आला की शेजारच्याला विचारायचे, "कुठी गेला?"

"बाहर गया, दादाजी!"

आमच्या डावात पेंडश्यांनी खरंच सुरेख फटका मारला. रनर खेळपट्टीच्या मध्यावर पोचला आणि दम लागून खाली बसला. पुढचे सगळे अनुभवी फलंदाज त्याला उचलायला धावले. तेवढंच त्यांचं धावणं.

आम्ही हरलो. तनयाला सामनावीराचा चषक मिळाला, तेव्हा दिघे उभे राहून टाळ्या वाजवत होते. डोळे पुसत म्हणाले, "शेवटी मुलगी आपलीच हो!"

बापूंना दिघ्यांचा चेहरा दिसला नाही. आवाज ओळखू आला. त्यांनी नातीला हळूच सांगितलं, "चाल, तुये लोक तिकडं वाट पाहून राहिले."

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर तिचा फोटो झळकला: 'राजस्थानात मराठी कन्येची उत्तुंग भरारी!' तो तुमच्याकडेही आला असेल. अभिमानाने पुढे पाठवणाऱ्यांत तुम्हीही होतात ना?