सतरा लाल लेबलं

मालोजीरावांनी पुस्तक दिलं ते दोन्ही हातांनी. "दिपालीताई, उद्या खंडेनवमी. सकाळी लेथशेजारी पूजेला पाहिजे हे. तेवढं सांभाळा."

चिखलीतल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये दिपाली तीन महिन्यांपूर्वी तपासनीस म्हणून लागली होती. बी.एस्सी. झालेली, मोजकं बोलणारी. जुन्या विलायती लेथबरोबर आलेलं हे दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी पुस्तक मालक दरवर्षी पुजतात, एवढंच तिने ऐकलं होतं. वाचायला मागणारी ती पहिलीच.

जेवणाच्या सुट्टीत तिने ते उघडलं आणि डबा तसाच राहिला. 'स्टॉप्ड', 'ड्रॉप्ड', 'फिक्स्ड' अशा इंग्रजी क्रियापदांच्या शेवटी 'ईडी' नव्हतंच. नुसता 'टी' होता. एकदा चूक होईल, पण पानोपानी? तिने मोबाइलवर शोधलं. पूर्वी बरेच इंग्रज अशा ठिकाणी कानाला ऐकू येई तसंच लिहीत, आणि ते चालत असे. तिला मोठी मौज वाटली. अशा जागा किती सापडतात ते पाहावं म्हणून ती खिशातली, रिजेक्ट मालावर लावायची छोटी लाल लेबलं खुणेला चिकटवत गेली. सतरा झाली. मग ती हात धुवायला उठली.

परत आली तर टेबल रिकामं, लख्ख पुसलेलं.

"गोजाबाई, पुस्तक?"

"त्याला लाल चिकटलं व्हतं की," झाडू मारता मारता गोजाबाई म्हणाल्या. "लाल दिसलं की लाल डब्यात. इचारत बसायचं न्हाई. तुमीच शिकवलं."

"आणि तो लाल डबा?"

"भंगारची गाडी आत्ताच घिऊन गेली."

गोजाबाईंना स्कूटरवर मागे बसवून दिपालीने कुरुळी गाठली. जयसिंगच्या भंगारच्या दुकानात पुस्तक तराजूवर होतं, दोन तुटक्या गिअरांच्या मध्ये.

"नाही देता येणार," जयसिंग शांतपणे म्हणाला. "रिजेक्ट माल परत द्यायचा नाही, अशी तुमच्याच मालकांनी सही घेतलीय माझी."

"अहो, पण तपासनीस मीच आहे!"

"मग तर नियम पाठ पाहिजे, ताई. फेरतपासणी, हिरवं लेबल, सही. तेवढं करा अन् घेऊन जा."

तिने उभ्याउभ्याच सतरा लेबलं सोलून काढली, मुखपृष्ठावर हिरवं 'ओके' चिकटवलं, तारीख घालून सही केली. जयसिंगने लेबल नखाने दाबून पाहिलं आणि मगच पुस्तक सोडलं.

ते हिरवं लेबल मात्र निघेना. ओढलं की जुना कागदच सुटून येई. सकाळी मालोजीरावांची नजर नेमकी तिथेच गेली.

"हे काय?"

"तपासलं, साहेब," दिपालीने धीर करून सांगितलं. "सगळं बरोबर आहे. पूर्वी तसंच लिहायचे."

मालोजीरावांचा चेहरा पडला. "म्हणजे... चुका नाहीत यात?"

"चुका?"

"दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालो, ताई. हे पुस्तक उघडलं अन् बघितलं, गोऱ्या साहेबाचंपण चुकतंय! म्हटलं, मग आपण का भ्यायचं? त्या बळावर दुकान टाकलं. मी पूजा करतो ती त्या चुकांची."

दिपालीने आजवर एका मायक्रॉनचा फरकही कुणाला सोडला नव्हता. ती लेथकडे पाहत म्हणाली, "तशा दोन-चार असतील, साहेब."

"असतील ना?" मालोजीरावांनी समाधानाने पुस्तकावर हळदकुंकू वाहिलं.

तेवढ्यात मागून एक हात पुढे आला.

"चुका हायत?" गोजाबाई म्हणाल्या. "मंग आणा हिकडं."