मास्तरांचा मुतखडा

"ऑपरेशन? आणि माझं? अहो, खडा हात जोडून बाहेर येईल!" टेलरमास्तरांनी अख्ख्या वॉर्डाला ठणकावून सांगितलं.

जन्मभर कात्री चालवली, पण कापडावर. स्वतःच्या अंगाला हत्यार लागणार म्हटलं की मास्तरांची बोबडी वळायची! आणि डॉक्टर तर बजावून गेले होते, "संध्याकाळपर्यंत खडा पडला तर ठीक, नाहीतर उद्या दुर्बीण घालू." दुर्बीण कुठून घालतात ते शेजारच्या खाटेवरच्या ड्रायव्हरने समजावल्यापासून मास्तर बाटल्यांवर बाटल्या पाणी रिचवत होते.

दुपारी बाथरूममधून किंकाळी आली. "आई गंऽऽ! पडला!"

गाळणीत अडकलेला खडा तपासणीसाठी बाटलीत ठेवा, असं सिस्टरने सांगितलं होतं. पण बाटलीत तो धड दिसेना! एवढ्या कळा सोसून काढलेला ऐवज लोकांना दिसायला नको? सिस्टर गोळ्या ज्या चिमुकल्या वाटीत आणायची, तिच्यात मास्तरांनी तो काढला आणि खाटेखाटेवर फिरवला.

"एवढासाच?" ड्रायव्हर म्हणाला.

"तुम्ही काढून दाखवा!" मास्तर कडाडले आणि वाटी उशाशी ठेवून आडवे झाले.

मग बायको आली. गोळी घ्यायची म्हटलं की मास्तर पोरासारखे डोळे मिटत, आणि भरवायचं काम तिचं!

"अहो, औषध तसंच ठेवलंय? आ करा बघू!"

सवयीने डोळे मिटले, आ केला. वर पाणी. गट्टम!

"शी! कसली खरखरीत गोळी गं ही?"

मास्तरांनी डोळे उघडले. वाटी रिकामी!

"अगं, तो खडा होता!"

बायकोच्या हातून पेला सुटला. गोळ्या घेऊन आलेली सिस्टर "अगं बाई!" म्हणत भिंतीला टेकली. ड्रायव्हरने आ वासला तो वासलाच. आणि नेमके डॉक्टर आले.

"खडा पडला म्हणे! दाखवा."

"पडला होता साहेब... पण परत आत गेला."

"परत? कुठून?"

मास्तरांनी तोंडाकडे बोट दाखवलं. डॉक्टर मटकन खुर्चीत बसले.

मग घाईघाईने सोनोग्राफी झाली. रस्ता मोकळा, ऑपरेशन रद्द! मास्तरांच्या जिवात जीव आला.

"पण खडा कशाचा होता ते कळायला हवं, नाहीतर पुन्हा होईल," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका, एक-दोन दिवसांत मिळेल. फक्त या वेळी मागच्या दाराने."

"आणि शोधायचा कोणी?" मास्तरांनी विचारलं.

ड्रायव्हरने चादर डोक्यावरून ओढून घेतली. सिस्टरला दुसऱ्या वॉर्डातलं काम आठवलं. मास्तरांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

"मी निघते हो," ती पिशवी उचलत म्हणाली. "गॅसवर दूध ठेवून आलेय!"

तिला येऊन चांगले दोन तास झाले होते.