गोलरक्षकाच्या अंगातला गाऊन

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वस्तीच्या फलकावर निवेदन लागले : 'स्वातंत्र्यदिनाच्या फुटबॉल सामन्यात मावळतीचे ऊन गोलरक्षकाच्या डोळ्यांत गेल्यामुळे आपल्या संघास शून्य विरुद्ध चार अशी हार पत्करावी लागली.' खाली वस्तीप्रमुख वागिमान यांची सही आणि शिक्का. या मजकुरात निर्विवाद खरा होता तो शिक्का. उत्तरार्धात आपल्या गोलरक्षकाची पाठ पश्चिमेला होती. ऊन डोळ्यांत जाण्यासाठी त्याला मुंडके उलटे बसवून घ्यावे लागले असते. शिवाय जाळीमागे एक साक्षीदार उभी होती, आणि ती निवेदनकर्त्याचीच पत्नी होती.

मुर्तिनाबाई मैदानावर गेल्या त्या तळलेल्या केळ्यांचा डबा घेऊन, प्रसन्न मनाने. ऑगस्टातली कोरडी, उबदार संध्याकाळ होती. सतरा तारखेला, म्हणजे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी, पुरुषांनी बायकांचे गाऊन घालून फुटबॉल खेळायचा ही जावातल्या त्या गावाची रीत, आणि जिंकणाऱ्याला बोकड. पूर्वार्ध संपत आला होता, गोल कुणाचाच नव्हता. आपल्या गोलमध्ये सुरोतो होता, मांसाच्या गोळ्यांचे सूप विकणारा. त्याच्या अंगात निळा बाटिकचा गाऊन, खांद्यावर पिवळ्या दोऱ्याचे रफू. ते रफू मुर्तिनाबाईंच्या हातचे होते.

गाऊन अकरा वर्षांचा होता. उकाड्यात अंगावर आहे की नाही हे कळू नये, इतका मऊ. असे कापड दुकानात मिळत नाही. ते धुऊन धुऊन कमवावे लागते. तेवढ्यात सुरोतोने खांबापासून दोन हात दूर जाणाऱ्या चेंडूवर झेप घेतली. काखेत 'चर्र' झाले.

मध्यंतरात त्यांनी त्याला जाळीजवळ बोलावले. "हा गाऊन कुणी दिला तुला?"

"साहेबांनीच, काकू. म्हणाले, जुनं फडकं आहे, बिनधास्त लोळ. आणि प्रत्येक चेंडूवर झेप घ्यायची, म्हणाले. बाहेर जाणाऱ्यासुद्धा."

"काढ तो."

"काढला की मी बाद. गाऊनशिवाय खेळता येत नाही, नियम आहे. आणि दुसरा गाऊनच नाही."

"मग झेप घ्यायची नाही."

"मग चेंडू अडवू कसा?"

"उभ्याने अडव. पायाने अडव. जमिनीला टेकायचं नाही, एवढंच."

"काकू, बोकड जाईल हो."

"तुझा गाडा रोज कुणाच्या आंब्याखाली उभा राहतो, सुरोतो?"

सुरोतो विचारी माणूस होता. उत्तरार्धात पहिला चेंडू बदकाच्या चालीने आला. त्याने दोन्ही हातांनी गाऊनचा घोळ सावरला आणि चेंडूला अदबीने वाट दिली. दुसऱ्या वेळी त्याने पाय पुढे केला, पण शिवण ताणल्याचा आवाज येताच मागे घेतला. तिसरा गोल झाल्यावर प्रेक्षकांतून कुणी विचारले, "नवरी बोहल्यावर चढायची थांबलीय का रे?" चौथा तर समोरच्यांनी मैदानाच्या मध्यातूनच मारला.

वागिमान धापा टाकत गोलपाशी आले. "अरे, झेप का घेत नाहीस?"

"तो घेणार नाही," जाळीमागून आवाज आला.

"तू... तू इथे कशी?"

"केळी आणली होती. खा, गरम आहेत."

बोकड खालच्या वस्तीत गेला. गाऊन घरी आला, काखेत चार टाके पडले, आणि अंगणात वाऱ्यावर झुलणाऱ्या त्या गाऊनकडे मुर्तिनाबाई समाधानाने पाहत बसल्या. सकाळी फलकावरचे निवेदन त्यांनी दोनदा वाचले, आणि वस्तीच्या पुढच्या बैठकीत, सर्वांसमक्ष, गोलरक्षकाचे तोंड कोणत्या दिशेला होते एवढेच विचारले. सुरोतोने हात करून दिशा दाखवली. पूर्व. वागिमान उठले. त्यांचे उत्तर इतिवृत्तात शब्दशः नोंदलेले आहे :

"ऊन नव्हतं. आणि ते फडकं नाही, हेही मला माहीत होतं. अकरा वर्षं रोज संध्याकाळी मी तोच गाऊन बघतोय. तीन नवे आणले, तिन्ही हिने पाहुणे आले की घालायचे म्हणून कपाटात ठेवले. तो आपणहून फाटेना, आणि माझ्या हाताने फाडायची माझी छाती नव्हती. म्हणून गोलमध्ये उभा केला."