बुकबाइंडरची पानगळ

झाड व्हायला आजोबा चटकन तयार झाले, तिथेच सगळं चुकलं.

बालवर्गाच्या बाईंनी फाटकाशी उभ्या असलेल्या मंडळींना एवढंच विचारलं होतं, "ऋतूंच्या कार्यक्रमात कुणी आजोबा झाड होतील का?" नातवंडांना न्यायला आलेल्या सात-आठ आजोबांनी एकदम आपापल्या चपलांकडे पाहिलं. आपल्या गोष्टीतल्या आजोबांनी मात्र बाईंकडे पाहिलं.

"झाडाला काही बोलायचं असतं का?"

"नाही हो. नुसतं उभं राहायचं."

"मग जमेल," आजोबा म्हणाले. (न बोलता नुसतं उभं राहायचा त्यांना चाळीस वर्षांच्या संसाराचा सराव होता.)

"आणि वेळ आली की पानं गाळायची," बाई जाता जाता म्हणाल्या. ते वाक्य आजोबांनी नीट ऐकलंच नाही.

ऐकलं असतं तर बरं झालं असतं. कारण आजोबा होते बुकबाइंडर. छापखान्याच्या बांधणी खात्यात त्यांनी उभा जन्म काढला होता, आणि पान गळू न देणं हाच त्यांचा धंदा होता. त्यांनी बांधलेलं पुस्तक पाण्यात पडलं, जिन्यावरून पडलं, एकदा तर बैलगाडीखाली गेलं, पण त्याचं एक पान सुटलं नाही, असं ते स्वतःच सांगत. या लुथरन शाळेतली सगळी गीतपुस्तकं त्यांच्याच हातची होती. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी कुणाच्याही घरी गेले की ते आधी कपाटातलं पुस्तक काढायचे, उघडायचे, कणा बघायचे आणि यजमानांकडे दयेने बघत परत ठेवायचे.

झाड व्हायला ते तयार झाले त्याला आणखी एक कारण होतं. साठ वर्षांपूर्वी याच बालवर्गात ते स्वतः होते. भिंगरीला (नातीचं हे लाडाचं नाव, वय वर्षं साडेपाच) सोडायला पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले आणि दारातच थबकले. खिडकीखालचं ऋतूंचं टेबल तसंच होतं. पेल्यात ओल्या टिपकागदावर घेवड्याचे दाणे, शेजारी एक पीस, दोन गोटे. त्यांच्या वेळच्या बाई उंच आणि बारीक होत्या, बाहीला कायम खडू लागलेला. उन्हाळा संपला की त्या मुलांना अंगणात न्यायच्या. प्रत्येकाने एक पडलेलं पान शोधायचं आणि ते गीतपुस्तकात दाबून ठेवायचं. सगळ्यांनी एकेक ठेवलं. आजोबांनी एकोणतीस ठेवली. पुस्तक फुगलं, कण्यातून फाटलं, आणि दुरुस्तीला छापखान्यातून एक म्हातारा आला. त्याने लहानशा भांड्यात सरस गरम केला, कुंचल्याने कण्याला लावला आणि म्हणाला, "आता हलायचं नाही हं." पुस्तक हललं नाही. पाच वर्षांचे आजोबाही तासभर हलले नाहीत. आपण कोण व्हायचं हे त्या दिवशी ठरलं.

कार्यक्रम असा होता. आजोबांनी तपकिरी झगा घालून स्टेजच्या मध्यभागी उभं राहायचं. वसंत आला की तेवीस मुलांनी एकेक करून जाड कागदाचं पान झाडाला चिकटवायचं. पान एका बाजूने हिरवं, दुसऱ्या बाजूने पिवळं. उन्हाळ्यात सगळ्यांनी झाडाखाली बसून गाणं म्हणायचं. मग वारा यायचा (हा एक गुबगुबीत मुलगा होता, फुंकर मारण्यात तरबेज). झाडाने अंग हलवायचं, पानं खाली पडायची, मुलांनी ती पिवळी बाजू वर करून पसरायची. शेवटी पांढऱ्या कापसात गुंडाळलेली भिंगरी यायची आणि म्हणायची, "झाड उघडं झालं. मी आले. मी हिवाळा."

हे एक वाक्य भिंगरी तीन आठवडे म्हणत होती. दात घासताना, बूट घालताना, झोपेतसुद्धा. घरात कुणी कपडे बदलायला खोलीत गेलं तरी बाहेरून आवाज यायचा, "झाड उघडं झालं."

"चिकटवायला खळ मी करून आणतो," आजोबांनी बाईंना सांगितलं. (कुणी मागितली नव्हती.)

आदल्या दिवशी घरात तालीम झाली. झगा आजीने शिवला होता, बांधणीच्या उरलेल्या कापडाचा. कणकेची खळही तिनेच शिजवली. "किडीसाठी म्हणून मोरचूद घालू नका," तिने बजावलं. "मुलं बोटं चाटतात." आजोबा झगा घालून उभे राहिले, भिंगरीने छातीवर एक पान लावलं. आजोबांनी श्वास घेतला आणि पान पडलं. दुसरं लावलं, तेही पडलं. तिसरं तर लावायचीच वाट बघत असल्यासारखं पडलं.

"छान," आजी म्हणाली. "असंच हवं."

आजोबांचा चेहरा मात्र उतरला. "माझ्या अंगावरून पान पडतंय," ते म्हणाले.

"अहो, पडायलाच हवं. झाड आहात तुम्ही."

"उद्या सगळं गाव बघायला येणार. माझ्या हातची पुस्तकं मांडीवर घेऊन बसणार. आणि त्यांच्यासमोर श्वासागणिक माझी पानं पडणार?"

"मग काय करणार आहात?"

"काही नाही," आजोबा म्हणाले. या घरात 'काही नाही' याचा अर्थ आजीला माहीत होता, पण भिंगरीच्या कापसाला टाके घालायचे होते आणि तिने दुर्लक्ष केलं. आजोबा मागच्या पडवीत गेले. जुनं भांडं काढलं, सरस गरम केला आणि खळीत चमचाभर घातला. मग कुंचला फिरवून पाहिला आणि आणखी एक चमचा घातला. मनात म्हणाले, पानं पडतील. पण माझ्या हुकमाने पडतील.

दुसऱ्या दिवशी शाळेचा हॉल भरला. उकडत होतं म्हणून आजोबांनी झग्याखाली शर्ट घातला नाही. "घाला," आजी म्हणाली होती. "त्या बनियनला चार भोकं आहेत." "झाडाचं बनियन कोण बघतंय?" असं म्हणून आजोबांनी तो विषय संपवला होता.

वसंत तर सुरेख झाला. एकेक मूल यायचं, बाई पानाच्या देठाला कुंचला लावायच्या, मूल पान दाबायचं. आजोबांना त्या इवल्या बोटांच्या गुदगुल्या होत होत्या आणि डोळ्यांत उगीचच पाणी येत होतं. उंच खिडक्यांतून तसंच ऊन येत होतं. खडूचा आणि ओल्या टिपकागदाचा तोच वास होता. क्षणभर त्यांना वाटलं, आत्ता बाहीला खडू लागलेल्या बाई येतील आणि विचारतील, एकोणतीस कशाला रे बाळ, एक पुरे होतं.

उन्हाळ्याचं गाणं दोन कडव्यांचं होतं. पण शाळेचे पाद्रीसाहेब नेमके तेव्हाच आत आले. ते बसेपर्यंत पियानोवाल्या बाईंनी गाणं पुन्हा सुरू केलं. मग एक मुलगी रडली म्हणून पुन्हा. मुलं उन्हाळा गातच राहिली, आणि आजोबांच्या अंगावर सरस शांतपणे वाळत राहिला.

मग वारा आला. गाल फुगवून त्याने फुंकर मारली. आजोबांनी डौलात अंग हलवलं.

एकही पान पडलं नाही.

वाऱ्याने पुन्हा फुंकर मारली. आजोबांनी खांदे उडवले, कंबर हलवली, दोन्ही हात झटकले. लोकांना वाटलं, झाडाला नाच दिलाय. मागून टाळ्या पडल्या. आजोबांच्या कपाळाला घाम फुटला.

"हलवा ना आजोबा," वारा कुजबुजला. "माझी फुंकर संपत आली."

"हलवतोय रे."

दोन मुलांनी मदत म्हणून एक पान धरून ओढलं. पान तसंच राहिलं, झगा खांद्यावर टर्रकन उसवला.

पडद्याआडून बाई हळूच म्हणाल्या, "झगाच काढून टाका. उघडं झाड म्हणजे उघडं झाड."

आजोबांना बनियन आठवलं. "नाही काढता येत," ते ओठ न हलवता म्हणाले.

"का?"

"सांगता येत नाही."

शेवटी बाईंनी नाइलाजाने भिंगरीला पुढे ढकललं. ती कापूस सावरत आली, स्टेजच्या मध्यभागी थांबली आणि झाडाकडे बघत राहिली. खालपासून वरपर्यंत हिरवंगार.

"म्हण," बाई कुजबुजल्या. "झाड उघडं झालं..."

भिंगरीने मान हलवली. "नाही झालं."

"असू दे. तू म्हण."

"खोटं नाही बोलणार," भिंगरी म्हणाली. "पाद्रीसाहेब बसलेत."

हॉलमध्ये हशा पिकला. पाद्रीसाहेब हसले नाहीत, रुमालाने चष्मा पुसायला लागले आणि पुसतच राहिले. भिंगरीचा खालचा ओठ थरथरायला लागला. तीन आठवड्यांचं ते एकच वाक्य, आणि ते म्हणायची वेळच येत नव्हती. आजोबांना ते दिसलं आणि पहिल्यांदाच त्यांना आपल्या कामाची लाज वाटली. जन्मभर त्यांनी पक्कं चिकटवलं होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आज त्यांच्या नातीचा हिवाळा अडला होता, आणि अडवणारे तेच होते.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आजी उठली. हॉलच्या मागे पाहुण्यांच्या चहासाठी पाणी तापत ठेवलं होतं. तिने किटली उचलली, टेबलावरचा टॉवेल घेतला आणि स्वतःच्या ओट्याकडे निघाल्यासारखी सरळ स्टेजवर चढली.

"सरस घातलात ना?" तिने हळूच विचारलं.

"दोन चमचे."

आजीने किटलीचं झाकण काढलं. टॉवेल गरम पाण्यात बुडवला, पिळला, पानाच्या देठावर दाबून धरला आणि मनात दहा आकडे मोजले. मग दोन बोटांनी पान अलगद सोडवलं आणि खाली टाकलं. पिवळी बाजू वर.

ही युक्ती तिला आजोबांनीच शिकवली होती. लग्न झालं तेव्हा ते जुनी पुस्तकं दुरुस्तीला घरी आणत. संध्याकाळी दोघं जमिनीवर समोरासमोर बसायची. तिने ओला कपडा दाबायचा, त्यांनी पान सोडवायचं. दोघांत शब्द नसायचा, पण पान मात्र एकही फाटायचं नाही. इतक्या वर्षांनी तो गरम कपडा आता त्यांच्याच छातीवर दाबलेला होता, आणि आजोबा झाडासारखे गप्प उभे होते.

"चटका बसतोय का?" आजीने विचारलं.

"नाही."

"मग डोळ्यांत पाणी कशाचं?"

"वाफेचं," आजोबा म्हणाले.

सगळ्या मुलांनी पडतील ती पानं वेचून पसरली. वारा कर्तव्य म्हणून प्रत्येक पानाला एकेक फुंकर मारत होता. पियानोवाल्या बाई काहीतरी हळुवार वाजवत राहिल्या. एवढी सावकाश पानगळ त्या हॉलने कधी पाहिली नसेल, पण कुणी जागचं उठलं नाही. तेविसावं पान पडलं, तेव्हा भिंगरीने झाडाभोवती एक फेरी मारली, पाठ तपासली, आणि मगच लोकांकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "झाड उघडं झालं. मी आले. मी हिवाळा."

टाळ्या थांबेनात. पाद्रीसाहेब भाषणाला उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, की देव ऋतू वेळच्या वेळी पाठवतो, पण कधीकधी त्यालाही मदत लागते. आजोबांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

सोमवारी भिंगरीच्या वहीत बाईंची चिठ्ठी आली. बाईंनी वर्गात प्रश्न विचारला होता, पानगळ कशामुळे होते? भिंगरीने वहीत उत्तर लिहिलं होतं, आजीमुळे. 'बाकीच्या बावीस मुलांनीही हेच लिहिले,' बाईंनी लिहिलं होतं. 'कृपया आजोबांनी घरी समजावून उत्तर सुधारून घ्यावे.'

आजोबांनी भिंगरीला मांडीवर घेतलं, वही उघडली, खोडरबर काढलं आणि सगळं सविस्तर सांगितलं. ऊन कमी होतं, पाणी कमी मिळतं, मग झाड स्वतःच ठरवतं की आता पानं नकोत, आणि ती गाळून टाकतं. कुणी सांगावं लागत नाही.

भिंगरीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"झाड स्वतः ठरवतं?"

"स्वतः."

"आजीला न विचारता?"

आजोबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आतला भांड्यांचा आवाज एकदम थांबला होता. त्यांनी खोडरबर मुकाट्याने परत दप्तरात ठेवलं.

"तसं बघायला गेलं," ते म्हणाले, "तुझं उत्तर राहू दे."